हरलेल्याचा चहा

४ सप्टेंबर, सोमवार

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी बजावते, समाजाचा अभ्यास करायचा असेल तर रोजची नोंद ठेवा. डोळ्यांना दिसलं ते लिहा, मनाचं त्यात कालवू नका. स्वतः मात्र आजवर एक ओळ लिहिली नव्हती. आजपासून लिहिणार आहे. आमच्या समाजशास्त्र विभागावर आज जी वेळ आली, तिचा इतिहास पुढेमागे कुणीतरी लिहीलच. तेव्हा त्याला एक तटस्थ, चौकस साक्षीदार हवा. विभागप्रमुख या नात्याने तो मीच.

सकाळी अधिष्ठात्यांनी बोलावलं. सगळ्या विभागांचा कारभार त्यांच्या हातात. एरवी ते माणसाला उभ्याउभ्या कटवतात. आज "मॅडम, बसा, अहो बसा" म्हणाले, तेव्हाच मी काय ते ओळखलं. पुढच्या महिन्यात बाहेरून समिती येणार आहे. समाजशास्त्र हा वेगळा विभाग ठेवायचा, की त्याला ग्राहक-वर्तन विभागात विलीन करायचं, ते ती ठरवणार.

"विलीन म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही असालच. फक्त विभाग नसेल."

"आणि विषय?"

"विषयाचं काय मॅडम, समाज तर सगळीकडे असतोच ना."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. सुचलं की लिहीन.

५ सप्टेंबर, मंगळवार

उत्तर सुचलं नाही.

घरी काल ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. (नवऱ्याला नावाने हाक न मारण्यामागच्या सत्तासंबंधांवर मी दोन व्याख्यानं देते आणि घरी येऊन "अहो, जेवायला चला" म्हणते. असो.) हे म्हणाले, "पण तुमच्या विषयात अरिष्ट आहे, हे तू मला आपल्या साखरपुड्यातच सांगितलं होतंस. अजून तेच चाललंय?"

यांना कोण समजावणार! 'समाजशास्त्रातील अरिष्ट' हा निबंध मी गेली कित्येक वर्षं लिहिते आहे. माझे मार्गदर्शकही तोच लिहीत होते. त्यांचाही पहिल्या परिच्छेदापाशी अडला. पण दोष आमचा नाही. आमच्या विषयातलं एकेक कुणी ना कुणी उचलून नेलं. कारखाने आणि कचेऱ्या व्यवस्थापनवाल्यांनी नेल्या. कोण कुणाला ओळखतं, हे संगणकवाल्यांनी नेलं. लोकांना काय वाटतं, ते जाहिरातवाल्यांनी. आमच्याकडे उरलं काय, तर अरिष्ट. तेवढं मात्र कुणी मागत नाही.

आता विभागाची आजची स्थिती, तटस्थपणे. माझ्याशिवाय आणखी दोघे प्राध्यापक. एक सिद्धांतसर, एक टक्केसर. नावं विद्यार्थ्यांनी ठेवलेली, पण इतकी चपखल की आता पगारपत्रकावरची नावं वाचली तर कोण हे लोक, असं वाटतं. सिद्धांतसरांच्या मते जग समजून घ्यायला जगाकडे बघण्याची फारशी गरज नाही. टक्केसरांच्या मते जे मोजता येत नाही ते सुट्टीच्या दिवशी बघावं. दोघांचं कधी एका शब्दावर एकमत झालेलं नाही.

आणि मधल्या खोलीत ते टेबल. लांबलचक, जुनं, एका पायाखाली जुना शब्दकोश सरकवलेलं. रोज चार वाजता तिथे चहा. आधीच्या प्रमुखांच्या काळापासूनचा रिवाज असा, की आदल्या दिवशी वादात जो हरला त्याने चहा करायचा. अर्थात हार दोघांपैकी कुणीच कबूल करत नाही. म्हणून टेबलाभोवती बसलेले सगळे हात वर करून निकाल देतात. त्या निकालासाठी आमचे विद्यार्थी येतात, त्यांचे मित्र येतात, भूगोलाची दोन मुलं येतात, कुठल्या विभागाची ते मला न कळलेली चारपाच येतात. चहा पाणचट असेल तर सिद्धांतसर हरलेत. साखर अगदी बेताची, चमचा पट्टीने सपाट करून घातलेली असेल तर टक्केसर.

ही आमची शैक्षणिक शिस्त! समितीने हे पाहिलं तर तिथल्या तिथे कुलूप लावून जाईल.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आणि पाहिलंच. समितीने नाही, अधिष्ठात्यांनी. नेमके चार वाजता आले. आत सिद्धांतसर खुर्चीवर उभं राहून काहीतरी सांगत होते. टक्केसर हातातल्या बशीवर चमचा वाजवत "पुरावा! पुरावा!" ओरडत होते. मुलं हसत होती. कुणीतरी अधिष्ठात्यांना कप दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि मला विचारलं, "मॅडम, हे तासिकेत धरता का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निर्णय घेतला आहे. चहा बंद. टेबल काढायचं आणि त्या खोलीत 'वर्तन विश्लेषण कक्ष' करायचा. संगणक द्यायला अधिष्ठाते लगेच तयार झाले. नाव तर त्यांना फारच आवडलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज टेबल हललं. मला वाटलं होतं दोघे सर कडाडून विरोध करतील. मी मुद्देही काढून ठेवले होते. पण सिद्धांतसर फक्त "बरं" म्हणाले. टक्केसर म्हणाले, "ठेवणार कुठे?" ग्रंथालयाच्या तळघरात ठेवा म्हटलं, तिथे मोडक्या मांडण्या आहेतच. प्रश्नचिन्ह (आमच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, श्वास घेतला तरी प्रश्न विचारते) म्हणाली, "मॅडम, शब्दकोशही न्यायचा का? नाहीतर टेबल डुगडुगेल." अडगळीतलं टेबल डुगडुगलं तर काय बिघडणार आहे? पण म्हटलं ने बाई.

दुपारी मी कामगारांच्या अनौपचारिक गटांवर शिकवलं. माझं ठेवणीतलं उदाहरण आहे. एका कारखान्यात दाराबाहेर एक बाक असतो. कामगार तिथे बसून गप्पा मारतात, एकमेकांची थट्टा करतात. नवा व्यवस्थापक येतो, वेळ वाया जातो म्हणून बाक काढून टाकतो आणि काम सुधारायच्या ऐवजी बसतं. व्यवस्थापकाला कारणच कळत नाही, कारण तो कधी त्या बाकावर बसलेला नसतो. दरवर्षी इथे वर्ग गंभीर होतो. आज हसला. चांगला खदखदून. प्रश्नचिन्हाने विचारलं, "मॅडम, त्या व्यवस्थापकाला कुणी सांगत का नाही?" मी म्हटलं, "चांगला प्रश्न आहे, घरून विचार करून या." हल्लीच्या मुलांना विनोद कशात दिसेल सांगता येत नाही.

सकाळी डबा घरी राहिला होता. तो द्यायला हे आले होते म्हणे. मला भेटले नाहीत. शिपायाकडे ठेवून गेले. संध्याकाळी बघते तर शर्टाला धूळ, कोपराला खरचटलेलं. "रस्त्यात फार धूळ आहे," म्हणाले.

१४ सप्टेंबर, गुरुवार

शांतता! इतक्या वर्षांत पहिल्यांदा विभागात चार वाजता टाचणी पडली तरी ऐकू येईल. दोघे सर आपापली कामं आटोपून कुठेतरी जातात. मला न सांगता, पण मीही विचारलं नाही. प्रौढ माणसं आहेत. एकमेकांशी भांडणंही थांबली आहेत. एक छोटा बदल केला की मानवी संबंध किती सुधारतात! निबंधात घालण्याजोगं आहे.

कपाटातून माझा कप गेला. कान तुटलेला निळा कप. चोरीला गेला म्हणायचं तर कान तुटलेला कप कोण चोरेल? बाकीचेही कप दिसत नाहीत, पण त्यांचं मला काही नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

संगणक आले. प्लॅस्टिक काढलेलं नाही, कारण खोलीत भिंतीला प्लगची एकच जागा आणि तीही दाराच्या मागे. वीजवाला "बघतो" म्हणून गेला.

तोवर मी एकटीच तिथे बसून निबंध लिहिते. पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. "समाजशास्त्राचं अरिष्ट हे की समाजशास्त्रज्ञ समाजापासून..." इथे अडले. समाजापासून काय? चहाबरोबर बिस्किट बुडवून खायची सवय होती. कोरडं बिस्किट घशात अडकतं, विचारही मग तिथेच अडकतो.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. रात्री जेवताना मी अधिष्ठात्यांविषयी बोलत होते, की माणूसच कोत्या मनाचा आहे. हे भाताचा घास हातात धरून म्हणाले, "अगं, तू सगळं त्या एका माणसावर ढकलतेस. यात रचनेचाही भाग असेल ना?"

मी चमच्यासकट थांबले. या गृहस्थांनी आयुष्यभर समाजशास्त्राला "गप्पांचं खातं" म्हटलं आहे.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? डोळे उघडे ठेवले की कळतं," म्हणाले आणि ताटात बघायला लागले. मग घास गिळून, "पण रचना म्हटली तरी ती टक्क्यांत दाखवता यायला हवी. नाहीतर काय अर्थ?"

टीव्हीवर हल्ली काहीही दाखवतात.

२६ सप्टेंबर, मंगळवार

नोंद ठेवायची म्हणून ठेवते, मनाचं कालवत नाही: वर्गात मुलं असतात, पण तास संपला की विभागात कुणी थांबत नाही. पूर्वी नको नको म्हणत असताना यायची. जिन्यात प्रश्नचिन्ह भेटली. हातात साखरेचा पुडा. मी विचारलं, "घरी निघालीस?" तर म्हणाली, "हो अरिष्टबा... हो मॅडम." हुशार मुलगी, पण बोलताना अडखळायला लागली आहे. ताण असेल.

भूगोलाच्या प्रमुख बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे किती उत्साह आहे हो, आमची मुलंसुद्धा चार वाजले की पळतात." कुठे पळतात ते विचारायचं राहिलं. मला वाटतं मैदानावर.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

घरातलं मोठं पातेलं सापडत नाही. थर्मास तर गेल्या आठवड्यापासूनच नाही. ह्यांना विचारलं, तर ताकास तूर लागू दिली नाही. उलट मलाच प्रश्न, "पुष्कळ लोकांचा चहा करायचा असेल तर साखर आधी घालायची की दूध आल्यावर?"

"तुम्हाला कशाला पुष्कळ लोकांचा चहा करायचाय?"

"करायचा नाहीये गं. करावा लागतोय. म्हणजे... लागला तर."

निवृत्तीनंतर पुरुषांची भूमिका हरवते, मग ते स्वयंपाकघरात घुटमळतात, असं मी शिकवते. लक्षणं तंतोतंत जुळतात. बोलले नाही काही. उगाच मनाला लावून घ्यायचे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

समिती अकरा तारखेला येणार. सादरीकरण तयार आहे. वर्तन विश्लेषण कक्षाचा फोटोही घातला. वीज आली आहे, पण कक्षात विश्लेषण करायला वर्तनच नाही. मुलांना म्हटलं, निदान त्या दिवशी तरी येऊन संगणकापुढे बसा. सगळे "हो मॅडम" म्हणाले, इतक्या गोड आवाजात की मला धास्तीच वाटली.

दोघा सरांची बैठक बोलावली. समितीने विचारलं, समाजशास्त्राचा उपयोग काय, तर सांगायचं काय? वाटलं होतं, आता दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातील आणि त्यातून काहीतरी निघेल. सिद्धांतसर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." टक्केसर म्हणाले, "माझी काही हरकत नाही." सतत घड्याळाकडे बघत होते दोघे. चारला पाच कमी असताना उठलेच.

मी त्या खोलीत बसून राहिले. आज खरं लिहिते, तटस्थता गेली चुलीत. विभाग गेला तर लोक मला विचारतील, तुम्ही काय केलंत? मी टेबल काढलं, संगणक आणले, शांतता आणली. एवढं सगळं केलं आणि या इमारतीत मला दुपारच्या वेळी बोलायला एक माणूस नाही. मला फार एकटं वाटतंय. हे विषयाचं अरिष्ट आहे की माझं, मला सांगता येत नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी सव्वाचारच्या सुमाराला कक्षाच्या दारात एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई काठी टेकत उभ्या. "समाजशास्त्र इथेच का?" मला वाटलं कुणाची तरी आजी असेल. म्हटलं, "कुणाकडे आलात?" तर म्हणाल्या, "मी उद्याच्या समितीची अध्यक्ष. मूळची रसायनशास्त्राची. उद्या तुम्ही दाखवाल ते बघेनच. म्हटलं आज न दाखवलेलं बघावं."

खोलीत मी, प्लॅस्टिकखालचे संगणक आणि अर्धं बिस्किट.

"माणसं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं हो. पण मला रडूच फुटायचं बाकी होतं. म्हटलं, "असतील इथेच," आणि त्यांना घेऊन बाहेर पडले. कुठे जायचं ते मला तरी कुठे माहीत होतं! तेवढ्यात समोरून प्रश्नचिन्ह, काखेत दुधाच्या पिशव्या, पळत पळत ग्रंथालयाच्या दिशेने. मी हाक मारली. तिने ऐकली, जास्तच जोरात पळाली. आम्ही मागून. मी पुढे, काठीचा ठकठक आवाज मागे.

तळघराच्या जिन्यातच सिद्धांतसरांचा आवाज ऐकू आला. "अरिष्ट ही दुर्घटना नाही! तो या विषयाचा श्वास आहे!" मग बशीवर चमचा, आणि टक्केसर, "श्वास मोजून दाखवा!" मग हशा.

खाली मांडण्या भिंतीला सरकवून जागा केलेली. मध्ये आमचं टेबल, पायाखाली शब्दकोश. भोवती इतकी मुलं की अर्धी मांडण्यांवर चढून बसलेली. वाद कशावर, तर समाजशास्त्रात खरोखर अरिष्ट आहे का, यावर. आणि कोपऱ्यात शेगडीपाशी, माझ्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत, कमरेला माझाच टॉवेल गुंडाळून, कोण? हे!

"अगं, तू?" हे म्हणाले. "ये ना. काल मी हरलो."

मला एवढंच बोलता आलं, "हे कधीपासून चाललंय?"

"टेबल आणलं त्या दिवसापासून," टक्केसर म्हणाले. "उचलायला एक माणूस कमी पडत होता. साहेब डबा घेऊन आले होते. त्यांनी हात लावला, मग बसले."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

सिद्धांतसरांनी चष्मा काढला. त्यांना मी इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलंय म्हणजे तुम्हाला नको आहे. आम्हाला हवं होतं. तुम्हाला खोटं सांगावं लागू नये, म्हणून सांगितलंच नाही."

मग मी टेबलाकडे पाहिलं. टेबलाच्या डोक्याशी एक रिकामी खुर्ची होती. इतक्या गर्दीत, मुलं मांडण्यांवर लटकलेली असताना, ती खुर्ची रिकामी. आणि तिच्यासमोर बशीवर पालथा घातलेला माझा निळा कप, तुटक्या कानाचा.

"रोज मांडतो मॅडम," प्रश्नचिन्ह म्हणाली. "कधीतरी याल म्हणून. आम्ही त्याला अरिष्टबाईंचा..." आणि जीभ चावली.

मी सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही. कुणीतरी नाक पुसायला कागद दिला, तो टक्केसरांच्या सर्वेक्षणाचा निघाला.

अध्यक्षबाई एव्हाना बसून मोकळ्या झाल्या होत्या. "मला बिनसाखरेचा," ह्यांना म्हणाल्या. "वाद कुठवर आलाय? रसायनशास्त्रात आम्ही अडलो की उपकरण बदलतो. तुम्ही काय बदलता?" मग जे काही पेटलं, विचारू नका. बाईंचं म्हणणं, तुम्हाला आपला विषय काय तेच सांगता येत नाही, हेच तुमचं अरिष्ट. दोघे सर जन्मात पहिल्यांदा एका बाजूला होते आणि ते लक्षात येताच दोघेही कावरेबावरे झाले. भूगोलाचा एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही इथे आलात, बसलात आणि पाच मिनिटांत भांडायला लागलात. हे का होतं, त्याचा अभ्यास." हात वर झाले. अध्यक्षबाई हरल्या.

"म्हणजे उद्या चहा माझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"रिवाज आहे," सिद्धांतसर म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांच्याशी भांडले. पाठीमागून हे उद्योग, पातेलं नेलं, थर्मास नेला, निवृत्त पुरुषाची भूमिका हरवली म्हणून मी मनातल्या मनात कीव करत बसले! हे शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं तू काय करतेस ते मला कळत नव्हतं गं."

"आता कळलं?"

"नाही. पण आता भांडता येतं."

११ ऑक्टोबर, बुधवार

समितीने कक्ष पाहिला, सादरीकरण पाहिलं. दुपारी अध्यक्षबाई तळघरात आल्या आणि चहा केला. दुधाला उकळी आली की घड्याळ लावलं, साखर तोलून घातली. चहा उत्तम झाला. टक्केसर भावुक झाले होते.

१८ ऑक्टोबर, बुधवार

निकाल आला. विभाग स्वतंत्र राहणार! पण दोन वर्षांपुरता आणि एका अटीवर. अध्यक्षबाईंनी अहवालात तळघराबद्दल चार चांगले शब्द लिहिले आणि अधिष्ठात्यांनी ते उचलून धरले. आता त्या चहाला अधिकृत उपक्रम करायचं. नाव, 'अनौपचारिक संवाद केंद्र'. जागा, वर्तन विश्लेषण कक्ष. दारात अंगठा लावायचं यंत्र, रोजची हजेरी, दर महिन्याला फलनिष्पत्तीचा अहवाल.

"आकडे दाखवा, विभाग ठेवा," अधिष्ठाते म्हणाले. "आणि हो, हरलेल्याने चहा, हे काही बरं दिसत नाही. चहा आपण ठेका देऊन आणू."

मी "बघते" म्हणाले. वीजवाल्यासारखी.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

तळघरात आज वादाचा विषय तोच. हजेरी लावायची की नाही?

मी माझ्या खुर्चीवर बसले, कप सुलटा केला आणि म्हटलं, लावू या. अंगठा लावायला कितीसा वेळ लागतो? विभाग वाचतोय. तुमच्या नोकऱ्या, मुलांचा विषय, सगळं माझ्या डोक्यावर आहे. मला भीती वाटते, स्पष्टच सांगते. आश्चर्य म्हणजे सिद्धांतसर माझ्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, आयुष्यात एकदा तरी आमच्याकडे पुरावा असू दे.

विरोधात कोण असावं? टक्केसर! जे स्वतःच्या घरातल्या भाज्यांचीही सरासरी काढतात, ते. उठून उभे राहिले, चमचा हातात, पण वाजवला नाही. म्हणाले, "मी जन्मभर मोजत आलो. म्हणून सांगतो. लोक येतात म्हणून मोजलं तर ठीक. मोजतात म्हणून लोक यायला लागले की संपलं. मग इथे अंगठे येतील, माणसं येणार नाहीत." मग माझ्याकडे बघून, अगदी हळूच, "मॅडम, बाकाचं उदाहरण तुमचंच आहे."

वर्ग त्या दिवशी का हसला, ते मला आत्ता, इथे, या खुर्चीत कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मीही हसले. दुसरं काय करणार?

हात वर झाले. माझ्या बाजूने मी, सिद्धांतसर आणि हे. (ह्यांना मी टेबलाखालून पायाने ढोसलं होतं.) बाकी सगळे टक्केसरांकडे. प्रश्नचिन्हाने तर दोन्ही हात वर केले.

म्हणजे आता हजेरी नाही, यंत्र नाही, टेबल तळघरातच. उद्या अकरा वाजता अधिष्ठात्यांपुढे जाऊन हे सांगायचं आहे, आणि सांगणार मीच, कारण प्रमुख मी आहे. "समाज तर सगळीकडे असतोच ना," यावर उत्तर काय, तेही आता माहीत आहे. असतो हो साहेब, पण त्याला बसायला जागा लागते. चार वाजता या आणि बघा. आले तर बसतील, बसले तर भांडतील. नाही आले तर विभाग जाईल, ही भीती आहेच. पण ही भीती आता माझ्या एकटीची नाही. टेबलाभोवती वाटून घेतली की ती बरीच कमी होते.

चहा उद्या माझ्याकडे. पातेलं तळघरातच आहे, साखर न्यायला हवी. ह्यांना आत्ताच विचारलं, आधी साखर घालायची की दूध आल्यावर? म्हणाले, "शिकशील. हरायची सवय झाली की येतं."